रुग्णशय्येवरची भातुकली

लहान मूल आजारी पडले म्हणजे घरातील वडील माणसांचे सारे लक्ष त्याच्या शरीराकडे लागते. ताप किती अंश आहे, औषध पोटात राहिले की नाही, रात्री झोप लागली की नाही, याची घटकाघटकास चौकशी होते. मुलाच्या मनात काय चालले आहे याची चौकशी मात्र क्वचितच होते. आणि झालीच, तर ‘घाबरू नकोस हं’ एवढ्यावरच ती आटोपते. वस्तुतः रुग्णालयात दाखल झालेल्या बालकास एका वेळी दोन आजार झालेले असतात. एक डॉक्टरांनी ओळखलेला, ज्याचे नाव कागदावर लिहिलेले असते तो. आणि दुसरा भीतीचा, ज्याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. या दुसऱ्या आजारावर खेळासारखे औषध नाही, आणि ते औषध पहिल्या आजाराच्या उपचारासही हातभार लावते, हे सोदाहरण दाखविणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

या विषयाचा विचार करण्यास नवी मुंबईइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. १९७० साली सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे हे नवे नगर वसू लागले. त्यातील खारघर या उपनगरात टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी कर्करोगाची संस्था आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील संशोधनशाखा २००२ साली खारघरच्या डोंगराच्या कुशीत आली, आणि आज तेथे संशोधनाबरोबर रुग्णसेवाही मोठ्या प्रमाणावर चालते. ११ मे २०२३ रोजी येथील प्रोटॉन किरणोपचाराचे केंद्र, तसेच स्त्रिया व बालके यांच्या कर्करोगासाठी बांधलेली रुग्णालयाची इमारत राष्ट्रास अर्पण करण्यात आली. याच खारघरमध्ये जन्मतः हृदयविकार असलेल्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयही आहे. अशा रीतीने देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून अत्यंत गंभीर दुखणी घेऊन आलेली मुले या एका उपनगरात एकत्र येतात. विदर्भातील खेड्यातले मूल, बिहारमधील मूल आणि बंगालमधील मूल शेजारशेजारच्या खाटांवर असते. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाही, आणि परिचारिकेची भाषा कित्येकदा तिघांसही कळत नाही. भीती मात्र तिघांची एकच असते.

ही भीती कशातून उत्पन्न होते? तिची तीन मुळे दिसतात. पहिले मूळ म्हणजे वियोग. घर, अंगण, भावंडे, शाळा आणि अंथरुणाचा ओळखीचा वास हे सारे एका दिवसात नाहीसे होते. दुसरे मूळ अज्ञान. ही नळी कशाची, हे यंत्र गुरगुरते का, तोंड बांधलेली माणसे कोण, या प्रश्नांची उत्तरे मुलास कोणी देत नाही. आणि उत्तर मिळाले नाही म्हणजे मूल स्वतःच एक उत्तर रचते. ते उत्तर सत्यापेक्षा बहुधा अधिक भयंकर असते. तिसरे मूळ म्हणजे परस्वाधीनता. केव्हा उठावे, केव्हा जेवावे, कोणता हात पुढे करावा, यांतील काहीही त्याच्या इच्छेने होत नाही. प्रौढ मनुष्यसुद्धा अशा अवस्थेत चिडखोर होतो. मग चार वर्षांच्या जिवाची काय कथा?

यांतील वियोगाच्या बाबतीत आपल्याकडील परिस्थिती एका परीने बरी आहे. इंग्लंडसारख्या देशात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक रुग्णालयांत आईबापांस मुलास भेटण्याची परवानगी ठराविक वारी व ठराविक तासांपुरतीच मिळत असे. जेम्स रॉबर्टसन नावाच्या अभ्यासकाने १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा एक चित्रपट तयार केला. तो पाहून पुष्कळ डॉक्टर प्रथम रागावले आणि मग विचारात पडले. पुढे १९५९ साली तेथील सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांस मुलाजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे आई मुलाच्या खाटेशेजारी चटई टाकून राहते, हे आपण इतके गृहीत धरतो की त्याचे मोल ध्यानात येत नाही. परंतु आई जवळ असली तरी ती स्वतःच घाबरलेली असेल, तर तिच्या हाताचा कंप मुलास कळल्यावाचून राहत नाही. यास्तव अज्ञान आणि परस्वाधीनता या दोन मुळांकडे आपल्याला अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

अज्ञान वाढविण्यास आपली बोलण्याची रीतही थोडीबहुत कारण होते. कित्येक घरांत डॉक्टर हा बागुलबुवाचा धाकटा भाऊ असतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी ज्याने वर्षभर ऐकली, त्याला खरोखर सुई टोचली गेली म्हणजे ती शिक्षाच वाटणार. आणि आपण कोणता अपराध केला हे ते मूल मनाशी शोधीत बसणार. लहान वयात, विशेषतः सहासात वर्षांपर्यंत, आपल्या वाईट वागण्यामुळेच आपण आजारी पडलो अशी समजूत कित्येक मुले खरोखर करून घेतात. शब्दांचेही तसेच. किरणोपचारास आपल्या बोलीत ‘शेक देणे’ म्हणतात. परंतु मुलाच्या अनुभवातला शेक म्हणजे तापलेला तवा किंवा विटकर. पोटात ‘गाठ’ आहे असे मोठी माणसे दबक्या आवाजात बोलतात. मुलास ठाऊक असलेली गाठ दोरीची असते, आणि ती आपल्या पोटात कोणी व केव्हा मारली हे त्याला उमगत नाही. रक्त ‘काढले’ म्हणजे ते संपणार, असेही लहानग्यांस वाटते. या समजुती प्रश्न विचारून बाहेर येत नाहीत, कारण मुलास त्या प्रश्न म्हणून मांडताच येत नाहीत. त्या बाहेर येतात खेळातून.

भातुकलीचा खेळ ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे, त्यास याचा अर्थ तत्काळ कळेल. भातुकलीत मूल सबंध संसार आपल्या हाताच्या मापाचा करून घेते. चूल, भांडी, पाहुणे, रुसवेफुगवे हे सारे तेथे असते. आणि मुख्य म्हणजे तेथे सत्ता मुलाची असते. दिवसभर ज्याला रागावून घ्यावे लागते, तो तेथे बाहुलीस रागावतो. रुग्णालयात हीच भातुकली मांडावयाची, फक्त भांड्यांच्या जागी कापसाचा बोळा, पट्टी, सुई नसलेली पिचकारी, सलाईनची रिकामी नळी आणि तोंडावर बांधावयाचा रुमाल ठेवावयाचा. मूल बाहुलीस तपासू लागते. ज्या मुलाला काल चौघांनी धरून टोचले, ते आज बाहुलीस दहा वेळा टोचते. पाहणाऱ्यास हे क्रौर्य वाटते व तो थांबवू पाहतो; पण थांबवू नये. जे आपल्यावर ओढवले ते स्वतः करून पाहणे, हा त्या प्रसंगातून मोकळे होण्याचा मुलाचा मार्ग आहे. आणि टोचताना ते बाहुलीस काय सांगते हे कान देऊन ऐकावे. ‘तू दूध सांडलेस म्हणून सुई’ असे ते म्हणाले, तर त्याच्या मनातील काटा कोठे रुतला आहे हे अचूक कळते. मग तेथल्या तेथे, बाहुलीशीच बोलून, तो काढता येतो: बाहुली आजारी पडली यात तिचा काही दोष नाही, सुई शिक्षेसाठी नाही, औषध आत जावे म्हणून आहे.

रुग्णालयात खेळ नेण्याचे हे कार्य प्रथम कोणी केले, हे पाहिले असता शिक्षकवर्गास अभिमान वाटावा असा इतिहास समोर येतो. बालशिक्षणाची नवी दृष्टी जगास देणाऱ्या मारिया माँटेसोरी या मूळच्या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह काढले. म्हणजे एक डॉक्टर शाळेत गेली. पुढे याच पद्धतीचे शिक्षण व्हिएन्ना नगरीत घेतलेल्या एमा प्लँक या शिक्षिकेने १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरच्या सार्वजनिक रुग्णालयात आजारी मुलांसाठी खेळ व शिक्षण यांची व्यवस्था उभी केली. म्हणजे शिक्षिका रुग्णालयात गेली. १९६२ साली त्यांनी आपल्या अनुभवांवर ग्रंथ लिहिला, आणि रुग्णशय्येवरील मुलांचे मन सांभाळणे हा तिकडे एक स्वतंत्र व्यवसाय बनला. स्वीडन देशाने तर १९७७ पासून रुग्णालयातील मुलांस खेळाची सोय मिळणे हा कायद्याने त्यांचा हक्क ठरविला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्कांच्या सनदेत एकतिसाव्या कलमाने खेळाचा हक्क मान्य झाला, आणि भारताने १९९२ साली ती सनद स्वीकारली. खेळाचा हा हक्क मूल आजारी पडले म्हणून संपत नाही.

महाराष्ट्रास या विचाराचा आधार घरचाच आहे. ताराबाई मोडक यांनी माँटेसोरींची तत्त्वे घेतली, परंतु त्यांची महाग साधने तशीच्या तशी उचलली नाहीत. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी खेड्यातील मुलांसाठी जे काम आरंभिले, त्यात खडे, शिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूच शिक्षणाची साधने झाल्या. शिक्षण मुलापर्यंत चालत गेले पाहिजे, आणि ते मुलाच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून झाले पाहिजे, ही त्यांची शिकवण. शाळेच्या अंगणास जे लागू, ते रुग्णालयाच्या खाटेसही लागू आहे.

आता खेळाने उपचारास प्रत्यक्ष मदत कशी होते, याचे एकच उदाहरण सविस्तर पाहू. खारघरच्या प्रोटॉन केंद्रासारख्या ठिकाणी मुलांच्या कर्करोगावर किरणांचा मारा केला जातो. साधे क्षकिरण शरीराच्या आरपार जातात व वाटेतील निरोगी भागासही इजा करतात. प्रोटॉनचे तसे नाही. त्यांची बहुतेक शक्ती ठराविक खोलीवर खर्च होते आणि पुढे ते जवळजवळ थांबतात. वाढत्या वयाच्या मुलाचा मेंदू किंवा पाठीचा कणा अशा नाजूक जागी हा लाभ मोठा आहे. परंतु नेम जितका अचूक, तितके लक्ष्य स्थिर असावे लागते. मूल काही मिलिमीटर हलले तरी नेम चुकण्याचा संभव. म्हणून डोक्याच्या उपचारात गरम पाण्याने मऊ केलेला प्लास्टिकच्या जाळीचा पत्रा चेहऱ्यावर बसवून मुखवटा तयार करतात. थंड झाल्यावर तो कडक होतो आणि टेबलास खिळविला जातो. मग सर्व माणसे खोलीबाहेर जातात, जाड दार लागते, आणि मूल त्या खोलीत एकटे उरते. बाहेरून कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर असते व ध्वनिक्षेपकावरून बोलता येते. पण हात धरावयास कोणी नसते. हे बहुधा आठवड्यातून पाच दिवस, आणि कित्येकदा सहा आठवड्यांपर्यंत चालते.

जे मूल असे पडून राहू शकत नाही, त्यास प्रत्येक दिवशी भूल द्यावी लागते. भूल देण्याचे शास्त्र आज पुष्कळ सुरक्षित झाले आहे. तरीपण भूल म्हणजे दररोज काही तास उपाशी राहणे, दररोज भूलतज्ज्ञाची वाट पाहणे, दररोज जागे होतानाची मळमळ व गुंगी. आधीच अन्नावरची वासना उडालेल्या मुलास तीस दिवसांचे हे अर्धे उपवास जड जातात. तीन वर्षांच्या आतील मुलांस भूल बहुतेक टळत नाही. परंतु त्यापुढच्या वयाच्या, विशेषतः पाचसहा वर्षांवरील, पुष्कळ मुलांस आधी तयारी करून घेतली तर भुलेवाचून उपचार घेता येतात, असा ठिकठिकाणच्या रुग्णालयांचा अनुभव आहे. ही तयारी म्हणजेच खेळ.

मराठी मुलांस ‘पुतळा’ हा खेळ ठाऊक आहे. हल्ली त्यास ते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. एकाने शब्द उच्चारला की दुसऱ्याने आहे त्या स्थितीत निश्चल व्हावयाचे. हाच खेळ रुग्णालयात पायरीपायरीने शिकवावयाचा. पहिल्या दिवशी बाहुलीस जाळीचा मुखवटा घालावा. मुलाने तो हाताळावा, त्याच्या भोकांतून बोट घालून पाहावे, त्यावर वाघ, मोर, हनुमान जे आवडेल ते रंगवावे. दुसऱ्या दिवशी मूल आडवे पडून वीस आकडे मोजेपर्यंत पुतळा होते; तिसऱ्या दिवशी पन्नास, पुढे शंभर, आणि मग पाढ्यांचे पाढे. चौथ्या दिवशी रिकामी खोली पाहून यावे, यंत्राचा आवाज ऐकावा, आणि आईने बाहेर जाऊन दार लावून ध्वनिक्षेपकावरून हाक मारावी. ज्या आवाजाची आधी ओळख झाली, तो पुढे भिववीत नाही. कोठे कोठे मुलाच्या हाती एका लांब दोऱ्याचे टोक देतात. दोरा दाराखालून बाहेर जातो व दुसरे टोक आईच्या हाती असते. मुलाने दोऱ्यास हलका ताण दिला की आई उलट ताण देते. हात मात्र हलू न देता केवळ बोटाने ताण द्यावयाचा, हाही खेळाचाच नियम. पतंग दिसेनासा झाला तरी मांजाच्या ओढीवरून तो आहे हे मुलास कळते. आई दिसत नसली तरी आहे, हे त्यास तसेच कळते.

या खेळात शिक्षण कोठे आहे, असे कोणी विचारील. संख्या मोजणे हे तर वरवरचे शिक्षण झाले. खरे शिक्षण हे की, पुढे काय होणार याचा क्रम मुलास कळला. आणि त्या क्रमात त्याचे स्वतःचे असे एक काम त्यास मिळाले. ‘तुला धरून ठेवणार आहेत’ या वाक्यात मूल ही एक वस्तू असते. ‘तू शंभरपर्यंत पुतळा होणार आहेस’ या वाक्यात ते कर्ता होते. व्याकरणातील हा फरक मुलाच्या मनात भीती आणि धैर्य यांतील फरक होऊन बसतो.

सुईच्या भीतीवरील खेळ याहून सोपे आहेत. सुई टोचण्याच्या वेळी मुलाच्या हाती भिरभिरे द्यावे आणि ते एका दमात किती वेळ फिरते ते पाहावे, किंवा साबणाचे फुगे उडवावयास सांगावे. दीर्घ श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडते, आणि लक्ष सुईवरून उडते. मुलास आडवे दाबून न धरता आईच्या मांडीवर बसवावे. तान्ह्या बाळास अंगावर पाजावे. वैद्यकातील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तोलून पाहणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६, २०१३ आणि २०१८ साली या विषयाचे आढावे प्रसिद्ध केले. लक्ष दुसरीकडे वेधल्याने सुईची वेदना व क्लेश कमी होतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. मात्र पुरावा अजून अधिक भक्कम व्हावयास हवा, हेही त्यांत प्रांजळपणे नमूद आहे. भूल देण्याच्या प्रसंगाविषयी त्याच संस्थेचा आढावा एक विचार करण्याजोगी गोष्ट सांगतो. आई किंवा वडील नुसते शेजारी उभे राहिल्याने मुलाची भीती कमी होते असे दिसून आले नाही. उलट हातातील खेळ किंवा विदूषकाचे वेष घेतलेले सेवक यांचा उपयोग होण्याची आशा दिसली. तात्पर्य, मायेची उपस्थिती हवीच, परंतु त्या मायेच्या हातांस काहीतरी करावयास दिले पाहिजे. खेळ शिकवावयाचा तो मुलाइतकाच आईसही.

सापशिडी हा या कामी दुसरा उपयोगी खेळ. हा मूळचा आपल्याच देशातला. पुण्याने वर चढावे व पापाने खाली घसरावे हा बोध करण्यासाठी तो खेळला जाई. म्हणजे शैक्षणिक खेळ ही कल्पना आपल्यास नवी नाही. रुग्णालयातील पटावर घरे वेगळी काढावीत: दाखल होण्याचा दिवस, रक्ततपासणी, सलाईन, भेटीस आलेला मामा, घरी जाण्याचा दिवस. हात धुतले, पाणी भरपूर प्यायले, गोळी वेळेवर घेतली, की शिडी. उघड्यावरचे खाल्ले, गोळी लपविली, की साप. परंतु येथे एक मोठा धोका सांभाळावयाचा. ताप येणे, केस गळणे, शस्त्रक्रिया लांबणे या गोष्टींस कधीही साप करू नये. त्या मुलाच्या हातच्या नाहीत. त्यांस सापाचे तोंड दिले तर ‘माझ्या चुकीने मी आजारी पडलो’ ही जी समजूत भातुकलीने काढली, तीच पटाने परत आणल्यासारखे होईल. अशा घरांस ‘विश्रांतीचे घर’ म्हणावे. तेथे एक डाव थांबावयाचे आणि सर्वांनी मिळून एक गोष्ट ऐकावयाची. खेळ रचणाऱ्याने अशा बारीक गोष्टींत सावध असले पाहिजे, कारण मूल पटावरचा नियम जगाचाच नियम समजते.

साधनांविषयीही थोडी शिस्त आवश्यक आहे. कर्करोगाच्या औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात व साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून येथे ताराबाईंचे तत्त्व घ्यावे, पण माती, पाने व बिया घेऊ नयेत. साबणाने धुता येतील अशाच सोंगट्या व खेळणी असावीत. केसाळ, मऊ प्राणी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ देऊ नयेत. बाहुली ज्याची त्याची निराळी असावी, आणि ती स्वच्छ नव्या कापडाची घरीच शिवली तरी चालते. कागदाचा पट एकदाच वापरून मुलास देऊन टाकावा. तीन वर्षांच्या आतील मुलांजवळ नाकातोंडात जाईल एवढी लहान वस्तू ठेवू नये. एका हातास सलाईन लावलेले असते, म्हणून खेळ एका हाताने खेळता येण्याजोगा हवा. रक्तातील बिंबिका कमी असताना धक्काबुक्कीचे किंवा पडण्याचे खेळ वर्ज्य. कोणत्या दिवशी कोणता खेळ चालेल, हे परिचारिकेस विचारूनच ठरवावे.

वयोमानाप्रमाणे खेळ बदलतो, हे सांगणे नलगे. तान्ह्यास पदराआडचा लपंडाव पुरे. आई दिसेनाशी झाली तरी परत येते, हा आयुष्यातील पहिला धडा तो त्यातच शिकतो. तीन ते सहा या वयास भातुकली. सहा ते दहा या वयास पट, जोड्या लावण्याचे पत्ते, पुतळा. त्यापुढच्या मुलांस मात्र बाहुली दाखविली तर अपमान वाटतो. त्यांस बुद्धिबळ द्यावे, कोडी द्यावीत, शरीररचनेची चित्रे द्यावीत, आणि त्यांच्या आजाराची खरी माहिती त्यांस पेलेल अशा शब्दांत सांगावी. तयारीची वेळही वयावर अवलंबून असते. मोठ्या मुलास चारसहा दिवस आधी सांगितल्यास तो मनाची बांधणी करतो. चार वर्षांच्या मुलास आठवडाभर आधी सांगितले तर तो आठवडाभर केवळ भीतच राहतो, त्यास एकदोन दिवस पुरतात.

दोन नियम मात्र सर्व वयांस सारखेच लागू आहेत. पहिला, खेळात असत्य नसावे. ‘मुळीच दुखणार नाही’ असे सांगून सुई टोचली तर ती एकदा टोचते, पण विश्वास कायमचा जातो. पुढच्या वेळी खरे सांगितलेलेही मुलास पटत नाही. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, दहा मोजेपर्यंत राहील, आणि मग जाईल’ असे सांगावे. दुसरा नियम शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावयाचा. या खेळाची परीक्षा होऊ देऊ नये. शंभरऐवजी साठापर्यंतच पुतळा झाला म्हणून कोणास कमी गुण नाहीत. शेजारच्या खाटेवरील मुलाशी तुलना नाही. ज्यास आज खेळावयाचे नाही, त्याने खेळू नये. ज्या जागी मुलास कशासही ‘नाही’ म्हणता येत नाही, त्या जागी खेळास ‘नाही’ म्हणता येणे हेदेखील एक औषधच आहे.

खेळाची मर्यादाही ओळखली पाहिजे. वेदना असेल तेथे वेदनाशामक औषधच दिले पाहिजे; भिरभिरे दाखवून ते टाळणे हा अन्याय होईल. सर्व तयारी करूनही काही मुलांस भूल लागेल. त्यात त्यांचा किंवा आईचा पराभव नाही. जे मूल दिवसेंदिवस खेळत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते, त्यास मनाच्या डॉक्टरांकडे दाखविले पाहिजे. आणि काही आजार असे आहेत की, सर्व उपाय करूनही मूल वाचत नाही. तेथेसुद्धा खेळ व्यर्थ जात नाही. उरलेले दिवस भीतीत न जाता बालपणात गेले, हे आईबापांच्या पदरात पडणारे समाधान लहान नव्हे.

हे काम करावयाचे कोणी? डॉक्टरांस व परिचारिकांस उसंत नाही. अमेरिकेतल्याप्रमाणे या कामासाठी खास शिकविलेली माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, आणि ती वाढली पाहिजेत यात शंका नाही. परंतु तोपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. २००६ साली मुंबईत आरंभ झालेली सेंट ज्यूड बालनिवास संस्था कर्करोगाच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांस व त्यांच्या आईबापांस विनामूल्य निवारा देते; तिचे निवास खारघरातही आहेत, आणि तेथे मुलांच्या अभ्यासाकडे व मनोरंजनाकडेही लक्ष पुरविले जाते. अशा ठिकाणी व रुग्णालयांत, तेथील नियम पाळून, साहाय्य करणाऱ्या हातांना जागा असते. नवी मुंबई हे शाळांचे नगर आहे. निवृत्त शिक्षक, बालवाडीच्या ताई, अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थी यांची येथे उणीव नाही. ज्याने चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला, त्यास एका खाटेवरचे मूल सांभाळणे अवघड नाही. त्याने आधी थोडे शिकावयाचे आहे, आणि पुष्कळ ऐकावयाचे आहे. सर्दीखोकला असता जाऊ नये, हात धुतल्यावाचून मुलास स्पर्श करू नये, ठरविलेला वार कधी चुकवू नये, कारण ते मूल वाट पाहत असते. एवढी पथ्ये जो पाळील तो या कामास योग्य आहे.

ज्यांस रुग्णालयापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी घरी एवढे करावे. सुईची धमकी आजपासून बंद करावी. आणि मूल निरोगी असतानाच त्याच्या भातुकलीच्या भांड्यांत एक पट्टी, कापसाचा एक बोळा आणि औषध मोजण्याची एक रिकामी वाटी घालून ठेवावी.